लॉगबुकातले चिंतन की वेगळा पोर्टफोलिओ? एमबीबीएसच्या विभागांसाठी

२०१९च्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि लॉगबुक (केलेल्या कौशल्यांची, शिक्षकाच्या सहीची नोंदवही) अंगवळणी पडले. एटकॉमच्या (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) सत्रांनंतर ‘काय घडले, त्याचा अर्थ काय, पुढे काय करणार’ या तीन प्रश्नांवर लिहून घेतात. हे चिंतन लॉगबुकातच पुरे, की वेगळा पोर्टफोलिओ (स्वतःच्या शिकण्याच्या पुराव्यांचा संग्रह) हवा?

लॉगबुक नोंदींसाठी उत्तम. कोणते कौशल्य कधी केले, सही कोणाची, हे चटकन दिसते. पण चिंतनाला जेमतेम अर्धे पान मिळते. टर्म संपताना सगळे एका रात्रीत भरले जाते, सिनियरच्या वहीतली वाक्ये उतरतात आणि सह्या एकगठ्ठा होतात.

पोर्टफोलिओत पुरावा विद्यार्थी स्वतः निवडतो: एखादी केस, ओएससीईत (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत) चुकलेले स्टेशन, मिनी-सीईएक्समध्ये (रुग्ण तपासताना शिक्षकाने केलेल्या छोट्या मूल्यमापनात) मिळालेला शेरा. निवडतानाच विचाराला सुरुवात होते. मात्र तो वाचणारा मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) हवा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचा पोर्टफोलिओ मेंटॉरच्या भेटींवरच उभा आहे.

हिशेब मांडा. १५० विद्यार्थी, महिन्याला चिंतनाचा एक लेख, वाचून दोन ओळी लिहायला १० मिनिटे, म्हणजे २५ तास. दहा शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी अडीच. तेवढा वेळ नसेल तर वर्षाला चारच लेख घ्या, पण पंधरा दिवसांत शेऱ्यासह परत द्या. न वाचलेले बारा लेख विद्यार्थ्याला एवढेच शिकवतात की कोणी वाचत नाही.

चिंतन लिहिण्यासाठी गिब्सने सुचवलेले सहा टप्पे (घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती) पहिल्या दोन लेखांना आधार देतात. पुढेही तेच ठेवले तर प्रत्येक रकान्यात एकेक ओळ भरली जाते. मजकुराला गुण दिले तर चूक कोणी लिहीत नाही. गुण वेळेवर देण्याला आणि पुढच्या कृतीच्या पुराव्याला द्यावेत. मराठीत लिहायची मुभा जरूर द्या. रुग्णाशी बोलणे मराठीत झालेले असते, इंग्रजीत ते साचेबद्ध होते.

कागदी फाइल वॉर्डात लगेच लिहिता येते, पण हरवते. ऑनलाइनसाठी मूडल किंवा गूगल क्लासरूमसारखी शिकवण्याची प्रणाली पुरते. दोन्हीकडे रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, चेहऱ्याचा फोटो नको. कोण वाचू शकेल हेही आधीच लिहून द्या. ब्रिटनमध्ये २०१८ साली एका गाजलेल्या खटल्यानंतर आपले चिंतन आपल्याविरुद्ध वापरले जाईल, ही भीती कनिष्ठ डॉक्टरांत पसरली होती.

एका मेंटॉरमागे पंधराहून अधिक विद्यार्थी येत असतील तर लॉगबुकच ठेवा आणि चिंतनाची पाने वाढवा. त्याहून कमी असतील तर एकाच क्लिनिकल पोस्टिंगपासून पोर्टफोलिओ सुरू करा.