भाड्याच्या घरांवरची अंब्रेला पॉलिसी: अकरा महिन्यांनंतर

अंब्रेला म्हणजे घराच्या किंवा गाडीच्या पॉलिसीची मर्यादा संपली की त्यापुढचे दावे भरणारी जादा पॉलिसी. अमेरिकेत दोन-तीन घरं भाड्याने दिलेल्या मालकाला 10 लाख डॉलरची अंब्रेला वर्षाला काही शे डॉलरमध्ये मिळते. घेणं सोपं आहे. तिच्या खाचाखोचा पुढे एकेक कागद ताडून पाहताना कळतात.

ही पॉलिसी एकटी उभी राहत नाही. खाली घराची पॉलिसी लागते आणि तिच्यात लायबिलिटी (दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीची भरपाई) बऱ्याच कंपन्यांना किमान 3 लाख डॉलर हवी असते. समजा, मोडक्या पायरीवरून भाडेकरूचा पाहुणा पडला आणि 9 लाखांचा निकाल लागला. खाली 3 लाख असतील तर वरचे 6 लाख अंब्रेला भरते. हप्ता वाचवायला खाली 1 लाखच ठेवले असतील, तरी अंब्रेला 3 लाखांच्या वरच सुरू होते आणि मधले 2 लाख मालकाच्या खिशातून जातात. घराची पॉलिसी हप्ता चुकून बंद पडली असेल तर हाच खड्डा 3 लाखांचा होतो.

सगळ्यात जास्त फसगत डीपी-3 या घराच्या पॉलिसीत. भाड्याच्या घरांसाठी हीच सर्रास विकली जाते, पण ती मुळात वास्तूची पॉलिसी. लायबिलिटी वेगळी जोडून घ्यावी लागते. डिक्लेरेशन पेजवर (पॉलिसीचा गोषवारा देणाऱ्या पानावर) लायबिलिटीची ओळ आणि आकडा दिसला नाही, तर ती नाही असंच धरा. एजंटच्या ‘आहे हो’ला अर्थ नाही.

दुसरा घोळ एलएलसीचा, म्हणजे घर ठेवायला काढलेल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचा. घर एलएलसीच्या नावावर आणि अंब्रेला स्वतःच्या नावावर असेल, तर एलएलसीवर झालेला दावा बहुधा बाहेरच राहतो. तिथे कमर्शियल, म्हणजे व्यवसायासाठीची अंब्रेला लागते, आणि ती महाग असते. नवीन घर घेतलं की त्याचा पत्ता कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवायचा. किती घरांपर्यंत चालतं याची मर्यादाही विचारून घ्यायची.

वगळलेल्या गोष्टींची यादी शांतपणे वाचावी. बुरशी आणि शिसं (लेड) मिसळलेला रंग बहुधा तिच्यात असतात. 1978 पूर्वीच्या घरांत तसा रंग असण्याची शक्यता मोठी, म्हणजे नेमकं जुनं घर उघडं पडतं. काही कंपन्या ठरावीक जातींचे कुत्रे वगळतात, बऱ्याच जणी चार-आठ दिवसांच्या भाड्याला हात लावत नाहीत. स्वतःच्या छपराचं नुकसान किंवा थकलेलं भाडं या पॉलिसीच्या कक्षेतच येत नाही, तरी लोक ते विचारत राहतात.

जमेची बाजू म्हणजे वकिलाचा खर्च. बऱ्याच पॉलिसींत तो मर्यादेच्या बाहेरून दिला जातो, त्यामुळे 10 लाख शाबूत राहतात. आपल्या पॉलिसीत तसं लिहिलंय का ते तेवढं पाहा. हप्त्याचा भाड्याच्या घरांपुरता भाग शेड्यूल ई वर (भाड्याच्या उत्पन्नाच्या अमेरिकी कर-फॉर्मवर) खर्च म्हणून दाखवता येतो. राहत्या घराचा आणि गाडीचा नाही.

पैशाच्या मानाने सौदा चांगलाच आहे, मात्र एलएलसी नसलेल्यांसाठी. सर्व पॉलिसींच्या रिन्युअल तारखा एकाच महिन्यात आणून घ्या. खालची मर्यादा कुणी गुपचूप कमी केली असेल तर लगेच दिसते. वकिलाचं पत्र आलं की त्याच दिवशी घराच्या आणि अंब्रेलाच्या, दोन्ही कंपन्यांना कळवायचं. उशिरा कळवलं हे कारण दाखवून क्लेम अडकवता येतो.