रेक्स बेगोनिया म्हणून विकली जाणारी खोचलेली पानं

रेक्स बेगोनिया हे रंगीत पानांसाठी लावलं जाणारं शोभेचं झाड. त्याची मागवलेली कुंडी येते तेव्हा भरगच्च असते. चंदेरी-लाल पट्ट्यांची पाच-सहा मोठी पानं, वर ओलंगच्च कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. आठ-दहा दिवसांत पानं माना टाकतात, देठ बुडाशी तपकिरी आणि बुळबुळीत होतात. तक्रार केली की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: पाणी जास्त घातलंत. घेणारा बिचारा स्वतःलाच दोष देतो. पण पुष्कळदा त्या कुंडीत झाड नसतंच, मोठ्या झाडाची तोडलेली पानं खोचलेली असतात. कापलेला देठ काही दिवस पाणी ओढतो, म्हणून पान ताजं दिसतं. मूळ नसल्याने एवढ्या मोठ्या पानाला ते पाणी पुरत नाही, आणि सतत ओल्या मिश्रणात देठाची जखम सडते.

हे ओळखायला एक मिनिट लागतं. वरचं बोटाच्या पेराएवढं मिश्रण हलकेच बाजूला करा. खऱ्या रेक्सचे सगळे देठ मातीलगत आडव्या पसरलेल्या जाड खोडातून, म्हणजे रायझोममधून निघतात, आणि त्याच्या टोकाशी गुंडाळलेलं कोवळं पान असतं. प्रत्येक देठ सुटासुटा मातीत उतरत असेल तर घेऊ नका. लांबून मागवताना पैसे देण्याआधी या जागेचा जवळून फोटो मागा; वरून काढलेल्या फोटोत काहीच कळत नाही.

फसलाच असाल तर पानं फेकू नका, हे मात्र आवर्जून सांगायचं आहे. टणक पान निवडा, सडका भाग कापून देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवा, पानाची कड छाटून आकार निम्मा करा. निम्मं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि निम्मं कोकोपीट नुसतं दमट करून त्यात देठ रोवा आणि पारदर्शक डब्यात झाका. २० ते २५ अंश तापमान आणि उजेड हवा, थेट ऊन नको. रोज थोडा वेळ झाकण उघडा. मुळं साधारण तीन आठवड्यांत येतात, देठाशी इवली रोपं दिसायला दोन महिने लागू शकतात. मूळ पान पुढे वाळलं तरी चालतं, झाड त्या पिल्लांचं होतं.

निळ्या किंवा इंद्रधनुषी बेगोनियाच्या बियांची पाकिटं तर घेऊच नका. बेगोनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं; मोहरीएवढे दाणे निघाले तर ते दुसरंच काहीतरी आहे. शिवाय 'एस्कार्गो'सारख्या संकरित जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, त्या पानांपासून किंवा रायझोमच्या तुकड्यांपासून वाढवतात.