काठी की पोल? शिर्डी, वारी आणि परिक्रमेला निघण्यापूर्वी

फेब्रुवारी लागला की आमच्या लालबागच्या चाळीत गॅलरीतल्या गप्पांना नवा विषय मिळतो: रामनवमीला शिर्डीला पायी कोण कोण निघणार. नवखा माणूस आधी बूट घेतो, मग पाण्याची बाटली, आणि मग ग्रुपवर कुणीतरी दोन चकचकीत ट्रेकिंग पोलचा, म्हणजे चालताना दोन्ही हातांत धरायच्या हलक्या काठ्यांचा, फोटो टाकून विचारतं, "काकू, हे घेऊ का?" मी दोनदा शिर्डीला आणि एकदा आळंदीहून पंढरपूरला चालत गेले आहे. तिन्ही वेळा हातात वेगळी वस्तू होती. त्यातली पहिली सपशेल चुकली.

दुकानात गेलात की बजेट विचारतात. मी त्याआधी दोन गोष्टी विचारते. वाटेत मोठा उतार आहे का? आणि चालताना तुमचे हात मोकळे असणार आहेत का?

उताराचं का, तर ट्रेकिंग पोलच्या जोडीचं मोठं काम तिथेच असतं. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर बसणारा दणका थोडा हातांवर वाटला जातो. चढावर दंड मदतीला येतात. सपाटीवर तोल आणि लय मिळते, पण हातही राबत असल्याने दम किंचित जास्तच लागतो. आता शिर्डीची वाट आठवून बघा. ठाणे, पडघा, शहापूर, खर्डी, मग कसारा घाट चढून इगतपुरी, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर. पुढे घोटी, सिन्नर, शिर्डी सगळं पठारावर. म्हणजे गुडघ्यांना घाबरवणारा उतार या वाटेवर नाहीच. माउलींच्या पालखीच्या साधारण अडीचशे किलोमीटरच्या वाटेचंही तेच. दिवेघाट आहे, पण तो चढायचा आहे. याउलट गिरनारला दहा हजारांच्या आसपास पायऱ्या, आणि जेवढ्या चढाल तेवढ्या उतरायच्या. गुडघे कुरकुरत असतील आणि गिरनारला जायचं असेल, तर जोडी घ्या, पुढे वाचायचीही गरज नाही. फक्त दगडी पायरीवर टोकाला रबर हवं.

शिर्डीला पोलचा उपयोग वेगळाच होतो. तिसऱ्या दिवशी पायाला फोड आले की माणूस एका बाजूला कलून चालायला लागतो, आणि मग कंबर धरते. दोन पोल असले की चाल सरळ राहते. दुसरं म्हणजे बोटं. दिवसभर हात खाली लोंबत राहिले की ती सुजून अंगठी निघत नाही. पोल धरला की हात वर राहतात आणि हा त्रास बराच कमी होतो. तिसरं, ऊन टाळायला आपण पहाटे काळोखात हायवेच्या कडेने चालतो. पोलवर चमकणारी पट्टी चिकटवली की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हलणारं काहीतरी दिसतं. माझ्या हिशेबात हा तिसरा फायदा सगळ्यात मोठा.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, यावर दुकानात तासभर जातो. तो जाऊ देऊ नका. जोडीमागे फरक साधारण शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो आणि किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. दिवसभर हात हलवायचा म्हटलं की शंभर ग्रॅमही जाणवतात, हे खरं. पण कार्बनला आडवा दणका सोसत नाही. टोक दगडांच्या फटीत अडकलं आणि तुम्ही पुढे झुकलात, की तो काडकन तुटतो, आणि तुटलेल्या तोंडाच्या कुसळांनी हात कापतो. अ‍ॅल्युमिनियम वाकतं. वाकलेला पोल गुडघ्यावर दाबून थोडाफार सरळ करता येतो आणि मुक्कामापर्यंत नेतो. आपल्या वाटांसाठी मी अ‍ॅल्युमिनियमच सांगेन.

जास्त लक्ष लॉककडे द्या. पोलचे तुकडे एकमेकांत घट्ट बसवण्याच्या तीन तऱ्हा असतात. पिळून घट्ट करायचा, बाहेरच्या खटक्याने दाबून बसवायचा, आणि आत दोरी असलेला, तंबूच्या काठीसारखा घडीचा. माझी पहिली जोडी पिळायची होती, ऑनलाइन स्वस्तात घेतलेली. खर्डीच्या पुढे घामाच्या हाताने पीळ बसेना, आणि भार दिला की पोल हळूहळू आत जायचा. घाट चढेपर्यंत उजवा पोल डाव्याहून चांगला चार बोटं आखूड झाला होता. लॉकमध्ये तेल सोडा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आतली पकड घर्षणावर चालते, तेलाने आणखी सुटते. खटक्याचा पोल उघड्यावर दिसतो, सैल वाटला तर स्क्रू अर्धा आटा फिरवला की झालं. काही पोलमध्ये दणका शोषायला स्प्रिंग असते. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसला नाही. वजन वाढतं आणि काही दिवसांनी कुरकुर ऐकावी लागते.

घडीचा पोल मिटल्यावर जेमतेम ३५-४० सेंटीमीटर होतो, सरकता तीन तुकड्यांचा ६०-६५. घडीचा मोहक आहे, पण त्यातले बरेच ठरावीक लांबीचे येतात: ११०, १२०, १३०. आपल्याकडच्या बायकांची इथे पंचाईत होते. पोल जमिनीवर टेकवून धरला की कोपर काटकोनात यायला हवं. उंचीला ०.६८ ने गुणलं की साधारण तेवढी लांबी येते. पाच फुटी बाईला, म्हणजे १५२ सेंटीमीटरला, १०३-१०४ पुरे, आणि चढावर त्याहून पाच-दहा सेंटीमीटर आखूड हवा. ११०चा पोल घेऊन घाट चढलात तर गुडघ्यांऐवजी खांदे धरतील. म्हणून घेण्याआधी कमीत कमी लांबी वाचा, जास्तीत जास्त नव्हे. मुठीला कॉर्क किंवा फोम घ्या. गुळगुळीत रबराची मूठ एप्रिलच्या घामात हाताची सालं काढते. मुठीला लावलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. तसं केलं की भार मनगटावर येतो आणि मूठ आवळून धरावी लागत नाही.

टोकाला कार्बाइडचा कठीण खिळा असतो. तो मातीत, खडकात धरतो. डांबरावर मात्र टक-टक वाजतो, हादरे देतो आणि घसरतोही. त्यावर रबरी टोपी चढवायची. डांबरावर ती झपाट्याने झिजते, म्हणून एक जोड पिशवीत जादा ठेवा. हे जोड लालबागेतच घ्या, वाटेत मिळतील या भरवशावर राहू नका. मेडिकलमध्ये म्हाताऱ्यांच्या काठीचं रबर मिळतं, ते जाड काठीसाठी असतं. पोलच्या टोकावर ते टोपडं घातल्यासारखं सैल बसतं.

वारीला मात्र माझं मत उलटं आहे. दिंडीत हात मोकळे नसतात. टाळ असतो, पताका असते, बायकांच्या डोक्यावर तुळस असते. ओळी दाट चालतात, पुढच्याची टाच आणि मागच्याची बोटं यांत वीतभर अंतर, आणि कितीतरी पावलं अनवाणी किंवा साध्या चपलेत. तिथे तुमच्या पोलचा कार्बाइडचा खिळा कुणाच्या पायावर पडला तर? सामानही दिंडीच्या ट्रकमधून जातं, पाठीवर ओझं नसतं. म्हणून दिंडीबरोबर चालणार असाल तर काही घेऊ नका, आणि आधार लागतोच असेल तर एकच काठी घ्या, साधी.

साधी म्हणजे बांबूची. मी वारीला सासऱ्यांची नेली होती. कोकणातल्या माणग्याची काठी आतून जवळजवळ भरीव असते, त्यामुळे पोकळ बांबूसारखी चिरत नाही. खाली लोखंडी शेंबी होती, तिच्यावर मी जाड रबर बसवून घेतलं. वजनाला ती एका पोलच्या दुप्पट तरी असेल. पण चिखल लागला तर पुसायची, पावसात भिजली तर भिंतीला टेकवायची. पोलला हे लाड चालत नाहीत. पावसात वापरून तसाच मिटवून ठेवला की आत पाणी आणि कचरा राहतो, मुंबईची खारी हवा त्यात भर घालते, आणि पुढच्या वर्षी तुकडे एकमेकांना घट्ट धरून बसतात. मुक्कामाला पोचलात की तुकडे वेगळे करून पुसायचे आणि वाळू द्यायचे.

नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांनीही काठीचाच विचार करावा. परकम्मावासीयाच्या हातात दंड आणि कमंडलू ही तिथली जुनी रीत आहे, आणि तिच्यामागे व्यवहारही आहे. नदी १३१२ किलोमीटरची; दोन्ही काठ चालायचे म्हणजे महिनोन्‌महिने. ओढा किती खोल आहे ते बघायला, गावाच्या वेशीवर कुत्री अंगावर आली तर, चिखलात रुतलेला पाय काढायला लाकडाचा दंड बरा. मोडला तर पुढच्या गावात दुसरा मिळतो. पोलच्या खटक्याचा स्क्रू पडला तर तो कुठे शोधणार?

स्पेनच्या कामिनोला, म्हणजे सांतियागोपर्यंतच्या पायी यात्रेला, जाणारेही हल्ली ओळखीत निघतात. तिथे जोडी घ्याच. फ्रान्सच्या बाजूने निघालात तर पिरेनीज पर्वत ओलांडून रोन्सेसव्हालेसला उतरताना पहिल्याच दिवशी तिची किंमत वसूल होते. विमानात मात्र पोल हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका.

थोडक्यात पैशांचं: अ‍ॅल्युमिनियमची खटक्याची बरी जोडी दीड-दोन हजारांपासून मिळते. त्याहून फार स्वस्त दिसली तर माझा उजवा पोल आठवा. शिर्डीसाठी मी हीच घेईन, आणि दुसऱ्या खेपेला तीच नेली होती.

घेतल्यावर निदान महिनाभर आधी सराव करा. रविवारी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता त्याला उत्तम. थोडा चढही मिळतो. जाता-येता लोकलमध्ये पोल पूर्ण मिटवून, टोकांवर रबर चढवून बॅगेच्या आत ठेवा. बाहेर लटकवलात तर अंधेरी येईपर्यंत तो कुणाच्या तरी ओढणीत अडकलेला असेल आणि ती बाई उतरायच्या घाईत असेल.