पप्पांची काँटेसा: १४ महिने आणि ६,२०० किलोमीटरनंतर

आधी गाडीचं कुळ सांगते. १९९३ ची हिंदुस्थान काँटेसा, १.८ जीएलएक्स. इसुझुचं १,८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा आणि बांधणी बंगालमधल्या उत्तरपाड्याची. कागदोपत्री चार दारांची घरगुती गाडी. पप्पांनी पुढच्या आठ-दहा वर्षांत तिचं जे काही केलं, त्यानंतर मात्र तिला घरगुती म्हणायला घरातलं कुणी तयार नव्हतं.

पप्पांचं आयुष्य कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात ओतकामात गेलं. त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, प्लेन करून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं, मूळ कार्बोरेटर काढून दोन वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर बसवले, स्प्रिंगा कापून गाडी खाली आणली, एसी काढून टाकला, सायलेन्सरच्या नावाखाली एक सरळ नळी लावली आणि पुढे एक बकेट सीट, म्हणजे शर्यतीच्या गाडीतली खोलगट सीट, आणली. एकच. स्वतःसाठी. आई शेजारच्या जुन्या सीटवर.

२०१९ मध्ये पप्पा गेले. मी पुण्यात नोकरीला, गाडी चार वर्षं शेडमध्ये. २०२३ च्या दिवाळीत आई म्हणाली, "एक तर वीक, नाहीतर चालव. उंदरांची सोय करून ठेवू नको."

पहिली चूक माझीच. नवी बॅटरी जोडली आणि चार वर्षांच्या शिळ्या पेट्रोलवरच सेल्फ मारला. टाकीतला तांबडा गाळ थेट कार्बोरेटरमध्ये. मिस्त्रींनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, आधी इचारायचं हुतं की." बंद पडून राहिलेली गाडी ज्यांना घरात सुरू करायची आहे त्यांनी टाकी, पाइप, पंप, कार्बोरेटर या क्रमाने सगळं रिकामं आणि साफ करावं, मगच चावीला हात लावावा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होते. हे सगळं अपेक्षितच.

पत्र्याबद्दल लांबण लावत नाही. बॅटरीखालचा ट्रे, दारांखालच्या पोकळ्या आणि डिकीचा काठ सडला होता. नवा पत्रा कापून बसवला, पुट्टी कमीत कमी. काच आणि दारांचे रबर मात्र छळतात. २००२ मध्ये काँटेसाचं उत्पादन बंद झालं, त्यानंतर सुटे भाग म्हणजे नशिबाचा खेळ. मागचे दिवे कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून ओळखीच्या माणसाने आणले, दारांचे रबर दुसऱ्याच गाडीचे कापून जुळवले. पावसात डाव्या बाजूने अजून पाणी येतं.

खरी गोष्ट मॅनिफोल्डची. या इंजिनावर दोन वेबर बसवायचे तर हवा आत नेणारं मॅनिफोल्ड वेगळं लागतं, आणि ते त्या काळी कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळणार? पप्पांनी सागवानी पॅटर्न (साच्यासाठीची लाकडी प्रतिकृती) करून घेतला, वाळूत साचा घातला आणि ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड स्वतः ओतलं. ऑइल इंजिनांचे भाग ओतणाऱ्या गावात हे कुणाला नवलाचं वाटलं नसेल. मला वाटलं, कारण मी ते पहिल्यांदाच हातात घेतलं. चारही नळ्यांची लांबी डोळ्यांना सारखी दिसते, पण आत बोट घातलं की तिसऱ्या नळीत कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) किंचित सरकल्याचा उंचवटा लागतो. आणि मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतं त्या सपाट कडेच्या, फ्लँजच्या, कानाला तडा.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग कायम पांढरा का पडतो, याचं उत्तर त्या तड्यात होतं. तिथून जास्तीची हवा ओढली जायची, मिश्रण पातळ व्हायचं. पप्पांनी त्यावर बाहेरून एम-सील लावून ठेवलं होतं! दुसऱ्याची कास्टिंगं पोरोसिटीसाठी, म्हणजे बारीक छिद्रांसाठी, परत पाठवणारा माणूस स्वतःच्या गाडीला एम-सील लावतो. आम्ही मॅनिफोल्ड उतरवून, तापवून, आर्गन वेल्डिंग केलं आणि फ्लँज मिलिंगवर सपाट करून घेतली. आतला उंचवटा घासून काढू का, असं मिस्त्रींनी विचारलं. मी नको म्हटलं. प्लग तसाही आता बाकीच्यांसारखा बिस्किटी रंगाचा येतो.

जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जावं ते जुळवणं, हा या अनुभवाचा सगळ्यात लांबलेला भाग. पप्पांनी व्हेंचुरी, म्हणजे कार्बोरेटरमधल्या हवेच्या अरुंद वाटा, ३४ मिलिमीटरच्या घातल्या होत्या. इतक्या मोठ्या व्हेंचुरीत कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही. म्हणजे ३,५०० च्या खाली गाडी खोकणार आणि वर गेली की पिसाटणार. पप्पांना तेच हवं होतं, कारण त्यांचा रस्ता म्हणजे रविवारी पहाटे कागलपर्यंत आणि परत. मला कात्रजच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकायचं असतं. मी ३० च्या व्हेंचुरी घातल्या. व्हेंचुरीला चारने गुणलं की मेन जेटचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचा, ढोबळ आकडा मिळतो, म्हणून १२० च्या जेटने सुरुवात केली. वरचा जोर थोडा गेला हे कबूल. पण आता ती दोन हजारांपासून न कुरकुरता ओढते, आणि माझ्या मते हे इंजिन पहिल्यांदाच शहाण्यासारखं चालतंय. पप्पा असते तर भांडले असते.

मग ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाड्या ते आपोआप सांभाळून घेतात, कार्बोरेटरला ते आपल्याला सांगावं लागतं. १२० वर चढाला गाडी अडखळायची, १२५ केल्यावर ते गेलं. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगून मऊ पडतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे इथेनॉल सोसणारे घातले. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे आता गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी ठेवत नाही. उसाच्या जिल्ह्यात जन्मून इथेनॉलला नावं ठेवणं बरं नाही, पण तीस वर्षांच्या गाडीला ते सहज पचत नाही, हेही खरं.

दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का, हे मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात. मी ती हवा मोजणारा मीटर विकत घेतला. दोघांचं उत्तर सारखंच आलं, तेव्हा माझे साडेतीन हजार वाया गेल्याचा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

स्प्रिंगा हा पप्पांचा सरळ चुकीचा निर्णय. दीड वेढा कापला की गाडी खाली येते, पण उरलेली स्प्रिंग कडकही होते, आणि खाली जायला जागाही कमी उरते. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी आधारावर, आदळणार. पहिले दोन महिने मी तशीच चालवली, कारण त्यांचं काही काढून टाकायला हात धजत नव्हता. कण्याने निकाल दिला. नव्या स्प्रिंगा मोजून करून घेतल्या, मूळ उंचीपेक्षा फक्त २० मिलिमीटर खाली. आंबोलीच्या वळणांवर गाडी आता रस्ता सोडत नाही, आधी उड्या मारत जायची.

सीटचंही तसंच. पप्पा पाच फूट दहा, मी पाच फूट तीन. त्यांनी सीट रेल न ठेवता जमिनीलाच वेल्ड केली होती, त्यांच्या पायाच्या मापावर. मी पाठीमागे लोड ठेवून क्लच दाबायचे. ग्राइंडर लावायच्या दिवशी मी शेडच्या बाहेर जाऊन चहा घेतला. आता खाली रेल आहे. सीट पूर्ण मागे ढकलली की बरोबर त्यांच्या जागेवर जाते.

कागदपत्रं थोडक्यात. वारस म्हणून नाव बदलायला फॉर्म ३१, संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि तेव्हाची पाच हजार फी, शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. माणूस गेल्यावर नाव बदलायचं काम लगेच करा, मी चार वर्षं काढली आणि त्याची किंमत मोजली. इंजिन आणि चासी नंबर मूळचेच असल्याने निभावलं. इंजिनच बदललेलं असतं तर एवढ्यावर सुटका नव्हती.

एकूण खर्च चार लाख साठ हजार. विकायला काढली तर एवढे येणार नाहीत, तेव्हा हिशोबाने हा व्यवहार मूर्खपणाचा. शहरात लिटरला साडेसहा किलोमीटर, हायवेला दहा. पॉवर स्टिअरिंग नाही आणि हातातलं चाक लहान, त्यामुळे पार्किंग म्हणजे तालीम. एसी नसल्याने मे महिन्यात पुणे-कोल्हापूर करणं हा वेडेपणा आहे, मी दोनदा केला. रस्त्यात फक्त एकदा थांबावं लागलं, खंबाटकीच्या चढाला, तेही दुपारच्या उन्हात पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. बॉनेट उघडून पंप आणि पाइपवर ओला फडका टाकला, वीस मिनिटांत निघालो. नंतर पंप इंजिनापासून लांब, टाकीजवळ नेला. त्यानंतर तक्रार नाही.

राहिला सायलेन्सर. सरळ नळी काढून मधे एक डबा आणि मागे खराखुरा सायलेन्सर बसवला, आता गाडीत बोलता येतं. सोसायटीवाले खूश. नाखूश एकटी आई. पप्पांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ती कुकर लावायची, जेवायला बसेपर्यंत भात गरम. मागच्या महिन्यात मी रात्री नऊला पोचले तेव्हा ती टीव्ही बघत बसलेली. म्हणाली, "काही कळतच नाही बाई, चोरासारखी येतेस."

जुनी नळी माळ्यावर ठेवली आहे, परत लावणार नाही. कावळा नाक्यावर सिग्नल लागला की फोन करते, मग कुकर लागतो.