नॅशनल कॅन्सर ग्रिड : औषधं स्वस्त झाली, फाईल मात्र रुग्णाच्याच पिशवीत

अणुऊर्जा विभागाचा निधी आणि टाटा मेमोरियलचा पुढाकार यांतून २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यात आज ३०० हून अधिक संस्था आहेत. सगळ्यात जास्त गुण द्यायचे ते एकत्रित औषधखरेदीला. २३ केंद्रांनी ४० औषधांची मागणी एकत्र केली आणि सुमारे ८२ टक्के बचत झाली. एकेकट्या रुग्णालयाला हा भाव कुणी दिला नसता.

मार्गदर्शक तत्त्वंही कामाची आहेत. ती कुणालाही मोफत वाचता येतात, आणि प्रत्येक तपासणी किंवा उपचार अत्यावश्यक, इष्टतम की ऐच्छिक, हे त्यांत सांगितलेलं असतं. पेट स्कॅन (कर्करोग शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारी तपासणी) नसलेल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला यातून नेमकं कळतं, की कशावाचून अडत नाही. संशोधन प्रशिक्षणाच्या ‘क्रेडो’ कार्यशाळेत सहभागी नुसती कल्पना घेऊन येतात आणि पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा सविस्तर आराखडा, लिहून परततात. हा उपक्रम उत्तम आहे.

प्रतिबंधाची बाजू मात्र लंगडी वाटते. पुरावा तर आपल्याच मातीतला आहे: धाराशिव जिल्ह्यात एक लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही शिबिरांचं यश ‘किती तपासल्या’ यावर मोजलं जातं. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणी उपचारापर्यंत पोचल्या, हा आकडा मागायला हवा.

खरी अडचण दोन रुग्णालयांच्या मधल्या रस्त्यावर आहे. ग्रिडचं सदस्यत्व म्हणजे रुग्ण आपोआप पुढे पाठवण्याची सोय नव्हे. तालुक्याच्या गावी स्तनातली गाठ काढली आणि तुकडा सलाईनमध्ये ठेवून पाठवला, तर पेशी सडतात. मग ईआर, पीआर, हर-टू (कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या गाठीच्या चाचण्या) यांचा रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो आणि हार्मोनच्या गोळ्यांचा फायदा होणारी बाई त्यांना मुकते. गाठ तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवी. द्रव तुकड्याच्या किमान दहापट, मोठा नमुना असेल तर आधी चिरा देऊन, आणि त्यात एकूण ६ ते ७२ तास ठेवायचा. बरणीवर वेळ लिहिण्याची सवय लावणं हे प्रशिक्षणाचं काम, आणि ते मोठ्या केंद्रांपेक्षा तालुक्यात जास्त गरजेचं आहे.

वेळापत्रकाचंही तसंच. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणार असेल, तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचं रेडिएशन आणि ब्रेकीथेरपी (शरीराच्या आतून दिलं जाणारं रेडिएशन) मिळून सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. ब्रेकीथेरपीचं मशीन दुसऱ्या शहरात असेल, तर तिथली तारीख बाहेरचं रेडिएशन सुरू होतानाच घ्यायची. ते संपल्यावर फोन केला, तर रांगेतच आठवडे जातात आणि आजार हाताबाहेर जाण्याचा धोका वाढतो. ही तारीख कोण घेणार, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक सदस्य रुग्णालयात समन्वयक नर्स हवी, आणि तिचा नंबर डिस्चार्ज कार्डावर छापलेला हवा.

तोवर नातेवाइकांनी दुसऱ्या केंद्रात जाताना एवढं सोबत ठेवावं: बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि काचपट्ट्या (फक्त रिपोर्टवर भागत नाही, नव्या केंद्रात त्या पुन्हा पाहतात), सीटी किंवा एमआरआयची सीडी, कारण छापील फिल्मवर मोजमाप नीट करता येत नाही, शस्त्रक्रियेची टिपणं, आणि केमोच्या प्रत्येक फेरीची तारीख व डोस. ब्लॉकसाठी पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज लागतो. अपॉइंटमेंट मिळाली की त्याच दिवशी तो द्यावा, ब्लॉक शोधून काढायला वेळ लागतो.