चेन्नईचं पाणी: समुद्राचं की छपरावरचं?

जून 2019 मध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव जवळपास कोरडे पडले. तेव्हापासून तिथे दोन उपायांची चर्चा होते.

पहिला, समुद्राचं पाणी गोडं करणं. चेन्नईजवळच्या मिंजूरचा असा प्रकल्प 2010 मध्ये, तर नेम्मेलीचा 2013 मध्ये सुरू झाला. सुरू झाले तेव्हा दोघांची क्षमता रोज प्रत्येकी 10 कोटी लिटर. पाऊस पडो न पडो, पाणी मिळतं. पण विजेचं काय? हजार लिटरला साधारण 3 ते 4 युनिट लागतात, म्हणजे असा एक प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला 3-4 लाख युनिट फस्त! शिवाय उरलेलं जास्त खारं पाणी परत समुद्रात जातं, त्याचा त्रास किनाऱ्यावरच्या मासेमारांना.

दुसरा, छपरावरचं पाणी जमिनीत मुरवणं. तमिळनाडूने 2003 मध्ये ते सर्व इमारतींना सक्तीचं केलं. चेन्नईत वर्षाला सरासरी 1400 मिलिमीटर पाऊस पडतो; 100 चौरस मीटरच्या गच्चीवरून वाया जाणारं धरूनही लाखभर लिटर सहज मिळावं. वीज नगण्य. मात्र बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच, आणि शोषखड्ड्यातला गाळ दरवर्षी काढणार कोण? सोसायटीच्या सभेत हा विषय नेहमी शेवटी येतो.

माझं मत विचाराल तर आधी छप्पर. उंच टॉवरमध्ये माणसं जास्त आणि गच्ची लहान, तिथे मात्र समुद्राला पर्याय नाही. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखणाऱ्या मुंबईनेही हा हिशोब जरूर बघावा.