लोह मोजणारं ऑनलाइन यंत्र: भोसरीतल्या बॉयलर हाउसमधले सात महिने

बॉयलरच्या पाण्यातलं लोह सतत मोजणारं यंत्र घेऊ का नको, असं विचारणाऱ्या दोघा-तिघांना फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ब्रँडचं नाव देत नाही. या किमतीत बरी चारचाकी येते, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत, रबराचे पार्ट बनवणारा. बॉयलर तासाला ३ टन वाफेचा, १०.५ किलो प्रेशरचा. प्रेसमधून परत येणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकमध्ये घेतो, टँकमधलं साधारण ६० टक्के पाणी तेच असतं. हे गरम पाणी सोडवत नाही. फीडचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन सुमारे १ टक्का वाचतं, हा हिशोब बॉयलरवाल्या प्रत्येकाला पाठ असतो. पण कंडेन्सेटबरोबर पाइपातला गंजही येतो आणि ट्यूबांवर बसतो. ३०० पीएसआयपर्यंतच्या बॉयलरच्या फीडमध्ये लोह ०.१ पीपीएमच्या (लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या) आत ठेवा, असं एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमचा बॉयलर साधारण १५० पीएसआयचा, म्हणजे हाच आकडा लागू.

आधी दर मंगळवारी अकराच्या सुमाराला बाटली भरून बाहेरच्या लॅबला जायची. रिपोर्ट आठ दिवसांनी, आणि कायम चांगला. तरी शटडाउनला बॉयलर उघडला की ट्यूबांवर लाल-काळा थर. मग यंत्र आलं.

यंत्र टँकमध्ये जाण्याआधीच्या कंडेन्सेटचं दर बारा मिनिटांनी सँपल ओढतं, हायड्रॉक्सिलअमीनने फेरिक लोहाचं फेरस करतं, मग फिनँथ्रोलीन घालतं. नारिंगी रंग येतो, तो ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो. कॉलेजातल्या कलरीमीटरचंच श्रीमंत भावंड. कॅलिब्रेशनचं द्रावण आम्ही इथेच करतो: एक लिटरमध्ये ०.७०२२ ग्रॅम मोहर सॉल्ट, थोडं सल्फ्युरिक ॲसिड, झालं १०० पीपीएम. ते पातळ करून वापरायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर मोहर सॉल्टशी परत गाठ पडेल असं वाटलं नव्हतं.

पहिला महिना पूर्ण वाया गेला, आणि चूक आमची. फिटरने सँपलसाठी टॅपिंग काढताना सुरुवातीला एमएसचं (साध्या, गंजणाऱ्या पोलादाचं) निपल, म्हणजे जोडनळी, लावलं, पुढची ट्यूब मात्र एसएसची (स्टेनलेस स्टीलची). आकडा ०.४ ते ०.६ च्या खाली येईना. सर्व्हिस इंजिनिअरने दोनदा कॅलिब्रेशन केलं, रिएजंट बदलले. शेवटी निपल उघडलं तर आत गंजाचा थर. तीन आठवडे आम्ही आमचंच निपल मोजत होतो! एसएसचं लावलं आणि दुसऱ्या दिवशी ०.०८.

मग उन्हाळा. यंत्र बॉयलरशेजारी लावलं होतं, कारण केबल तिथे जवळ पडत होती. एप्रिलमध्ये कॅबिनेटच्या आत हात घालवत नव्हता. रिएजंट महिन्याऐवजी तीन आठवड्यांतच बिघडले, शून्य सरकू लागला. सगळं उचलून सॉफ्टनरच्या (पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या यंत्राच्या) खोलीत नेलं. त्यामुळे सँपलची लाइन लांबली, आणि लांब लाइनमध्ये प्रवाह कमी ठेवला की बारीक गंज वाटेतच बसतो. मग कुणी व्हॉल्व्हला धक्का दिला की तो एकदम सुटतो आणि पडद्यावर भलताच आकडा झळकतो. आता प्रवाह चोवीस तास चालू असतो, थोडं पाणी ड्रेनला गेलं तर जाऊ दे. सँपल कूलरही साफ ठेवावा लागतो, नाहीतर ८५ अंशांचं पाणी आत जाऊन सगळाच कारभार आटोपेल.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, भोसरी-पिंपरीत बहुतेकांना असते तशी. दिवसभर पाइप थंड, आत हवा शिरते, गंज धरतो. शुक्रवारी सकाळी वाफ सोडली की पहिलं कंडेन्सेट चहासारखं येतं. आमचे बॉयलरवाले मामा पहिला तास ते ड्रेनला सोडतात, कुणी सांगो न सांगो. निपल बदलल्यावर पहिल्या शुक्रवारी मी पडद्यासमोर उभा राहिलो. पाणी तांबूस आणि आकडा ०.२! मामा हसले. म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनला मोतीबिंदू झालाय."

त्याच पाण्याची बाटली लॅबला पाठवून ॲसिडमध्ये उकळून एकूण लोह काढायला सांगितलं. १.१ आलं. कारण साधं आहे. आमच्या मॉडेलमध्ये डायजेशन नाही, म्हणजे सँपल ॲसिडसह तापवून गंजाचे कण विरघळवायची सोय नाही. विरघळलेलं लोह आणि ताजा, सैल गंज ते पकडतं. मॅग्नेटाइटचे काळे कण तसेच निसटतात. विकताना हे कुणी आपणहून सांगितलं नाही. कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात आहे, हे नंतर सापडलं.

मामांचा विजय पक्का होता, पण जूनमध्ये उलटं झालं. मंगळवारी रात्रपाळीत आकडा हळूहळू चढत ०.३८ ला गेला. अलार्म ०.१५ वर लावलेला, ०.१ वर नाही, कारण टँकमध्ये ४० टक्के मेकअप, म्हणजे नवं पाणी, मिसळून लोह पातळ होतं. मामांनी ग्लासात पाणी धरलं तर अगदी काचेसारखं स्वच्छ. "मशीनच चुकतंय," म्हणाले, आणि अलार्म बंद केला. सकाळी मी पाहिलं तर अमीनची (कंडेन्सेटचा आंबटपणा मारणाऱ्या रसायनाची) टाकी कोरडी. सॉफ्टनर कडकपणा काढतो, बायकार्बोनेट तसंच राहतं. ते बॉयलरमध्ये फुटून कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि कंडेन्सेट आंबट होतं. ते आंबट पाणी अमीनने सांभाळायचं असतं. अमीन नसलं की पाइपातलं लोखंड फेरस होऊन विरघळतं, आणि विरघळलेलं फेरस एवढ्या प्रमाणात डोळ्याला दिसत नाही. पुढच्या मंगळवारच्या बाटलीनेही ते पकडलं असतं, पण रिपोर्ट त्यानंतर आठ दिवसांनी.

म्हणजे मामांना दिसतं ते यंत्राला दिसत नाही, आणि यंत्राला दिसतं ते मामांना. आता नियम केलाय: ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करायचा तर ग्लास स्वच्छ हवा आणि आकडाही ०.१५ च्या खाली हवा. अलार्म बंद करायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही. गंमत म्हणजे बऱ्याच शुक्रवारी चाळीस मिनिटांत दोन्ही जमतं, पूर्ण तास पाणी सोडावं लागत नाही. मामांनी हे अजून तोंडाने मान्य केलेलं नाही, पण व्हॉल्व्ह लवकर बंद करतात.

देखभाल जास्त नाही, पण चुकवून चालत नाही. पंपाची नळी तीन महिन्यांनी बदलायची. रंग मोजायच्या काचेच्या सेलवर पिवळट थर बसतो, तो पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने निघतो. यूपीएस हवाच.

पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सोसायटीच्या बोअरवेलसाठी हे घ्यायचा विचार असेल तर माझ्या मते घेऊ नका. तिथे महिन्याला एक टेस्ट किट पुरतं. बॉयलर असेल आणि कंडेन्सेट परत घेत असाल तर घ्या, पण डायजेशनवालं मॉडेल मागा आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. आम्ही आता डायजेशनच्या जोडयुनिटची किंमत मागवली आहे, ती आली की साहेबांच्या केबिनमध्ये एक वेगळी लढाई.

सर्व्हिस वेळेवर मिळते, पण त्यांचा माणूस नेमका गुरुवारी येतो, सगळं थंड असताना, आणि "सर, यंत्र एकदम ओके" असं लिहून सही घेऊन जातो. पुढच्या महिन्यात एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण आहे. त्यात मी एकच अट वाढवली आहे: भेट शुक्रवारी, सकाळी सातला.